आठवीतली जिवलग मैत्रीण, तिचा 'तो' आणि मधल्यामधे माझी लेक

शाहूपुरीची_आई :
नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच विचारायचंय.

लेक आठवीत आहे. तिची एक मैत्रीण, इथं तिला 'म' म्हणते. दोघी बालवाडीपासूनच्या. घरं एका गल्लीत, आधी रिक्षा एक, मग सायकली बरोबर, क्लासही साताऱ्यात राधिका रोडला एकच. शनिवारी क्लास सुटला की राजवाड्याच्या चौपाटीवर दोघींत एक प्लेट शेवपुरी आणि शेवटच्या पुरीवरून भांडण. एकीला ताप आला की दुसरी शाळेला जायला कुरकुरायची.

दिवाळीनंतर क्लासमधल्या नववीतल्या एका मुलानं 'म'ला विचारलं, ती हो म्हणाली. इथवर मलाही फार काही वाटलं नाही. पुढं मात्र असं व्हायला लागलं की क्लास सुटल्यावर 'म' आणि तो मागं थांबणार आणि लेकीनं एकटीनं येऊन 'म'च्या आईला सांगायचं, "सरांनी डाउट सोडवायला थांबवलंय." सुरुवातीला लेकीला यात मजा वाटली असावी. मग ती टाळायला लागली, आणि परवा तिनं सरळ नाही म्हटलं. 'म' म्हणाली, "तुला कुणी विचारत नाही म्हणून तू जळतेस." दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून लेकीला काढलं. मधल्या सुट्टीत ती आता अशा मुलीशेजारी डबा खाते जिच्याशी आजवर धड बोललीही नव्हती. हे सगळं तिनं मला रात्री भांडी लावताना सांगितलं, तेही माझ्याकडं न बघता.

अडचण अशी की 'म'ची आई माझ्या भिशीत आहे. रोजचं बोलणं आहे. तिला सांगू का? माहीत असून तिच्यासमोर चहा पीत बसणं जड जातंय. आणि लेकीचं काय करू? ती रडत नाही, चिडत नाही, नुसती गप्प आहे.

'हल्लीची पिढी' आणि 'मोबाईलनं वाटोळं केलं' हे प्रतिसाद कृपया नकोत. ते मला घरात सासूबाईंकडून फुकट मिळतात.

वेण्णाकाठ :
सांगून टाका. आजच. उद्या काही कमीजास्त झालं तर ती बाई म्हणेल, तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. मग भिशीही जाईल आणि मैत्रीही.

कोरेगावचा_बाप :
+१. क्लासच्या सरांनाही सांगा. वर्षाची फी आधी घेतात, पोरं सुटल्यावर कुठं रेंगाळतात हे बघायला काय होतं?

दहिवडीचा_गडी :
ताई, आमच्या येळला मोबाईल नव्हता, वही हुती. गणिताच्या वहीत चिठ्ठी घालायची आन वही तिसऱ्यानं पोचवायची. त्यो तिसरा म्या. एकदा गुरुजींनी वही मधीच धरली. ज्यानं लिवली त्यो त्या दिशी वर्गात नव्हता, जिला लिवली ती रडाया लागली, मग मार कुणी खाल्ला? म्या. घरी गेल्यावर आण्णांचा आणि येगळा. त्या दोघांची आठवड्यात कट्टी झाली, माझ्या पाठीवरचं वळ त्याच्यापरीस जास्त दिस टिकलं. तुमच्या लेकीनं वही पोचवायची बंद केली, लय शानी पोरगी हाय.

खडूफळा :
मी सातारा तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. पहिले दोन प्रतिसाद वाचून नवल वाटलं नाही, आमच्या शिक्षकखोलीतही हेच होतं. असं काही कानावर आलं की पहिला प्रश्न "मुलगा कोण?", दुसरा "कुणाचा?" बाजूला पडलेल्या मुलीबद्दल कुणी विचारत नाही, कारण तिनं काही केलेलंच नसतं.

आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त तीच खचते. या वयात अख्खा दिवस मैत्रिणीच्या भोवती बेतलेला असतो. बाकावर शेजारी कोण, डबा कुणाबरोबर, पीटीला जोडी कुणाशी, पाण्याच्या टाकीकडं कुणासोबत जायचं, पाळी अचानक आली तर पॅड कुणाकडं मागायचं. एक मुलगी बाजूला झाली की हे सगळं एका सोमवारी बंद पडतं. बाकीच्या मुलींच्या जोड्या कधीच्याच जमलेल्या असतात, त्यात तिसरी म्हणून शिरायचं म्हणजे रोज अपमान गिळायचा.

गंमत म्हणा किंवा काही म्हणा, ज्या प्रकरणामुळं हे झालं ते पुष्कळदा पुढच्या चाचणीपर्यंतही टिकत नाही. मैत्रिणींचा अबोला मात्र दहावीच्या निरोप समारंभापर्यंत गेलेला मी पाहिलाय. ग्रुप फोटोत दोघी दोन टोकांना.

ताई, वर्गशिक्षिकेला भेटा. कारण सांगायची गरज नाही, "तिचा बाक बदलता येईल का" एवढंच विचारा. आम्ही हे करत असतो. विज्ञान प्रदर्शनाचा गट, स्नेहसंमेलनातला नाच, एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारी मुलं, कुठंतरी तिला घालता येतं. "नवीन मैत्रिणी कर" असं नुसतं तोंडानं सांगून त्या होत नाहीत, चार जणींबरोबर हाताला काम लागतं.

वेण्णाकाठ :
बाई, बाक बदलणं ठीक आहे, पण दुसरी मुलगी संध्याकाळी कुठं असते हे तिच्या आईला माहीत नाही, त्याचं काय?

पाटणची_सून :
सांगा सांगा म्हणणाऱ्यांना एक विचारते. सांगितल्यावर त्या घरात पुढं काय होईल हे माहीत आहे का?

आमच्या माहेरच्या गावात शेजारणीनं असंच एका मुलीच्या आईला सांगितलं. चांगल्या मनानंच. आईनं बापाला सांगितलं, बापानं चुलत्याला. मुलीची शाळा बंद. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतला, फुकटचा, म्हणजे पैशाचं कारण सांगायचीही सोय नव्हती, तरी बंद. गुरं, चुली, धाकटी भावंडं. मग मामाकडं नेऊन ठेवली, तिथून तिनं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, ती तिची जिद्द. आणि तो मुलगा त्याच बसनं त्याच शाळेत जात राहिला. त्याला त्याच्या घरी कुणी काय बोललं असेल तर आम्हाला तरी ऐकू आलं नाही.

'म'च्या आईला तुम्ही ओळखता. वडलांना ओळखता का? आजीला? घरात शब्द कुणाचा चालतो?

वेण्णाकाठ :
म्हणजे लपवायचं? उद्या तुमच्या मुलीचं कुणी लपवलं तर चालेल तुम्हाला?

पाटणची_सून :
लपवा म्हणाले नाही. कुणाला, किती आणि कशा शब्दांत सांगायचं ते आधी बघा म्हणाले. तुम्ही 'सांगून टाका' म्हणालात, कसं ते एकदाही नाही.

काळा_कोट :
दोन्ही बायांनी जरा पाणी प्यावं.

ताई, मुलगा नक्की नववीतलाच आहे ना? वय १४-१५? हे आधी बघा. 'क्लासमधला आहे' म्हणता म्हणता तो क्लासमधल्या कुणाचा तरी विशीतला भाऊ निघाला तर सगळी गोष्टच बदलते, मग वाट बघायची नाही.

नववीतलाच असेल तर पोलीस, पोक्सो हे शब्द भिशीत काढूसुद्धा नका. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, मुलगाही. लैंगिक संबंधांत त्या वयाची संमती कायदा धरत नाही हे खरं. पण बोलत उभं राहणं, चॉकलेट देणं, क्लासमागं रेंगाळणं हा गुन्हा नव्हे. रागाच्या भरात तक्रार ठोकली की दोन्ही घरं वर्षानुवर्षं तारखांना येत बसतात, तोवर पोरांना एकमेकांचे चेहरेही आठवत नाहीत.

मात्र कुठलं गुपित ठेवायचं नाही ते लेकीला आत्ताच सांगून ठेवा. त्यानं फोटो मागितले, "नाही आलीस तर सगळ्यांना सांगीन" अशी धमकी दिली, पैसे मागितले, कुणी मोठा माणूस मधे आला, गाडीवरून गावाबाहेर नेलं, यातलं काहीही कळलं तर त्याच दिवशी घरी बोलायचं. मैत्रीण रागावली तर रागावू दे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, ती मुलांना स्वतःलाही लावता येते.

गाडीचा विषय निघालाच आहे तर. नववीतल्या पोराच्या हातात मोपेडची चावी देणारे आईबाप साताऱ्यात कमी नाहीत. ट्रिपल सीट यवतेश्वरच्या घाटात जातात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. खरं सांगू का, या वयातल्या प्रेमापेक्षा मला त्या घाटातल्या वळणांचीच धास्ती जास्त वाटते.

शाहूपुरीची_आई :
नववीतलाच आहे, मी पाहिलाय. सायकलवर येतो, तिला ब्रेकही नाहीत बहुतेक. पोरगा तसा साधा वाटतो, मान खाली घालून जातो.

पाटणची_सून, तुमचा प्रतिसाद वाचून हात थांबला. 'म'चे वडील तापट आहेत, सगळ्या गल्लीला माहीत आहे. काका तर त्याहून.

कोरेगावचा_बाप :
लेकीचा फोन महिनाभर काढून घ्या, डोकं आपोआप जागेवर येईल.

खडूफळा :
कुणाच्या लेकीचा? जिनं खोटं बोलायला नकार दिला तिचा? घरी खरं बोलल्यावर फोन जातो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी ती भांडी लावताना गप्प राहील.

कोरेगावचा_बाप :
हं. हे पटलं.

विश्रामबागची :
मी सांगलीची, वय २३. आठवीत मी तुमची 'म' होते, म्हणून लिहितेय.

मैत्रीण सोडायची असं मी काही ठरवलं नव्हतं. वेळ पुरेना, एवढंच. शाळा सुटल्यापासून क्लासपर्यंतचा अर्धा तास आधी तिचा होता, तो त्याला गेला. आम्ही दोघी आमराईत जायचो, मग तिथं तो यायला लागला आणि ती आमच्या मागून चालायची, माझं दप्तर धरून. त्यात स्नॅपचॅटचे स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस एकमेकांना स्नॅप (फोटो) पाठवले त्याचा आकडा. २४ तासांत दोघांपैकी एकाचाही स्नॅप चुकला की आकडा जातो, म्हणून जेवताना, गणपतीच्या देवळात, आजीच्या वर्षश्राद्धालासुद्धा माझं लक्ष तिकडं. शेजारी बसलेल्या मुलीला आपण उत्तर देत नाही आहोत हे ध्यानातही येत नव्हतं.

"तू जळतेस" हे मीही म्हटलं होतं. तिला जळायचं काही कारण नव्हतं, तिला तो मुलगा बावळट वाटायचा. अडचण ही होती की तिला सगळं माहीत होतं. मी आईला कुठली थाप मारली, तो काय बोलला, मी कधी रडले. जिला इतकं माहीत आहे तिनं "आता मी खोटं बोलणार नाही" म्हटलं की पोटात गोळा येतो. मग ती काही बोलायच्या आधीच तिला वर्गात खोटारडी, जळकी ठरवायचं, म्हणजे उद्या तिनं तोंड उघडलं तरी कुणी ऐकू नये. तेव्हा हे असं नीट विचार करून कुणी करत नाही, पण मागं वळून बघितलं की चाल स्पष्ट दिसते. तुमच्या लेकीला ग्रुपमधून काढलंय ते यातूनच असेल असं मला वाटतं. तिला हे सांगा. तिला वाटत असेल की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आणि एक. तिची आई मला मारुती चौकात दिसली की आधीसारखीच हाक मारायची. "भडंग केलंय गं, येऊन जा." मी तेव्हा गेले नाही. पण त्या हाकेमुळं, पुढं सगळं विस्कटल्यावर आणि घरी कळून गहजब झाल्यावर, जायला एक घर होतं. आमची जोडी आधीसारखी काही जमली नाही. तिला तोवर दुसऱ्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि खरं तर त्या बऱ्या होत्या माझ्यापेक्षा. आता एकमेकींना रील पाठवतो, इतपत आहे.

दहिवडीचा_गडी :
पोरी, झ्याक लिवलंस.

सिव्हिलची_सिस्टर :
एक माहिती देऊन जाते, कारण ही सोय आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. त्याखाली आपल्याकडं सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' क्लिनिक चालतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात चौकशी करा. समुपदेशक मुलांशी एकट्यानं बोलतात, पैसे लागत नाहीत. आजारी असलं पाहिजे असं काही नाही. झोप लागत नाही, जेवण तुटलंय, शाळेत जावंसं वाटत नाही, एवढं पुरेसं आहे. जायला संकोच वाटत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

गप्प मूल दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त गप्प राहिलं, त्यात जेवण-झोप बिघडली, तर 'वयच आहे' म्हणून सोडू नका.

शाहूपुरीची_आई :
काय केलं ते सांगते. मधे मुद्दाम काही लिहिलं नाही.

आधी लेकीशी बोलले. विश्रामबागचीचा प्रतिसाद तिला वाचूनच दाखवला. मधेच म्हणाली, "ही दप्तर धरायची? मी सायकल धरायची." मग बऱ्याच वेळानं पहिल्यांदा रडली. आमचं असं ठरलं की तिनं 'म'साठी खोटं बोलायचं नाही आणि 'म'ची चहाडीही करायची नाही. काळा कोट यांनी लिहिलेल्या गोष्टी सोडून, त्या कळल्या तर मला लगेच सांगायच्या. तिनं एक विचारलं त्याचं उत्तर मात्र मला आलं नाही. "तिनं मला परत ग्रुपमध्ये घेतलं आणि पुन्हा आईला थाप मार म्हणाली, तर?" एवढी एकटी पडलीय की ती तेवढ्यासाठी 'हो' म्हणेल, हे तिलाच माहीत आहे.

वर्गशिक्षिकेनं काही न विचारता बाक बदलला. खो-खोच्या संघात एक मुलगी कमी होती, तिथं घेतलं. गुडघे फोडून घरी येते, पण जेवते.

'म'च्या आईला एवढंच म्हटलं की आमची आता सकाळच्या बॅचला जाईल, संध्याकाळी 'म' एकटी असेल, अंधार लवकर पडतो, कुणीतरी आणायला जात जा. मुलाचं नाही, डाउटचं नाही. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मावशीला पाठवते." कळलं असेल का तिला? असेलही.

पण 'म'ला वाटतंय की लेकीनंच चुगली केली. शाळेत आता 'चुगलखोर' म्हणून चिडवणं चालू झालंय. म्हणजे सगळं गोड झालं असं मुळीच नाही.

वेण्णाकाठ :
बघा. आळ यायचा तो आलाच. मग पूर्णच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

पाटणची_सून :
ती दुसरी मुलगी शाळेत येतेय ना? क्लासला जातेय ना? मग पुष्कळ झालं.

वेण्णाकाठ :
तुमच्या बाजूनं बरोबर आहे. मला दोन मुलगे, मी त्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. तरी त्या आईला एक दिवस नीट कळायला हवं, तापट बापाला वगळून.

खडूफळा :
त्या 'चुगलखोर'कडं वर्गशिक्षिकेचं लक्ष वेधा, या वेळी मोघम नको, शब्द सांगून. दोन मैत्रिणींचा रुसवा आम्ही सोडून देतो. दहा जणी मिळून एकीला रोज टोचतात तेव्हा ते शाळेचं काम असतं. आणि 'म'शी बोलणं तुम्ही तोडू नका ताई. रस्त्यात दिसली तर जेवलीस का, आई काय करते, एवढं तरी.

कोरेगावचा_बाप :
मंडळी, हे सगळं वाचून आमच्या चिरंजीवांना विचारलं, तोही नववीत (तो नव्हे ताई, आमचा कोरेगावात शिकतो). म्हणाला, "आमच्यातल्या एकाला गर्लफ्रेंड झालीय, तो आता क्रिकेटला येत नाही." मग तुम्ही काय केलंत? "काही नाही. टीममधून काढला. गद्दार म्हणतो त्याला." मी म्हटलं, त्याची आठवण येत नाही का? तर म्हणाला, "तोच तर ओपनिंगला होता." आणि उठून गेला. ह्याला 'आठवण येते' समजायचं का?

खडूफळा :
समजायचं. मुलगे एवढंच बोलतात. सामना असेल तेव्हा त्यालाही निरोप द्यायला सांगा, आला तर आला.

दहिवडीचा_गडी :
निरोप द्या, पर तिसऱ्याच्या हातनं नगं. आन परत घ्येतला तर ओपनिंगला लगेच पाठवू नगा, आधी चार मॅची बाउंड्रीवर पळवा.